उन्हाळी नांगरट पोरांच्या डोक्याची

शेतकरी बंधूंनो, सुतार-लोहार-कुंभार-चांभार बंधूंनो आणि मायबहिणींनो,

परीक्षा संपल्या कीं सातारा-सांगलीच्या मुलखांत एक नवा हंगाम सुरू होतो. एस. टी. स्टँडच्या भिंती, बाजारपेठेंतल्या कमानी आणि वर्तमानपत्राच्या घडींतून पडणारे रंगीत कागद सगळे एका सुरांत ओरडूं लागतात : सुटी वाया घालवूं नका, पुढच्या इयत्तेचा अभ्यास आतांच उरका, इतरांच्या पुढें जा! शिष्यवृत्ति, नवोदय, सैनिक स्कूल, दहावी, डॉक्टरकी, इंजिनियरी अशीं एकेक नांवें घेऊन बापाला भ्यायला लावावयाचें आणि मग त्याच्या बंडीच्या खिशांत हात घालावयाचा, असा हा उन्हाळ्याचा व्यापार आहे. त्यावर आज चार शब्द रोखठोक लिहावयाचे आहेत.

हा व्यापार साफ खोटा असता तर त्याच्यावर शाई खर्च करण्याचें कारण नव्हतें. त्यांत निम्में खरें आहे, म्हणूनच तो घातक आहे. उन्हाळ्यांत अभ्यास केलेलें मूल जूनमध्यें पुढें असतें, हें खरें. तो अभ्यास विकत घेतल्याशिवाय होत नाहीं, हें खोटें. आमचें म्हणणें एका वाक्यांत सांगावयाचें तर असें : उन्हाळ्याचा अभ्यास प्रत्येक गांवांत झाला पाहिजे, तो गांवच्याच शाळेंत झाला पाहिजे, सगळ्या मुलामुलींचा एकत्र झाला पाहिजे, आणि त्याला एका पैचीही फी लागतां कामा नये.

प्रथम खऱ्या भागाचा विचार करूं. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागतें. त्याची वाट पाहत हातावर हात ठेवून बसलेला कुणबी तुम्हीं कधीं पाहिला आहे काय? रब्बी निघाली कीं तो रान नांगरतो. ढेकळें उन्हांत तापूं देतो, म्हणजे हरळी-लव्हाळ्याच्या मुळ्या वाळतात आणि जमिनींतले किडीचे कोष वर येऊन मरतात. मग कुळवाच्या पाळ्या, मग शेणखत, मग बियाण्याची तजवीज. पाऊस पडेल तेव्हां तिफण धरावयाची एवढेंच उरतें. जो हें करीत नाहीं त्याला गांव आळशी म्हणतें. आणि हाच शहाणा कुणबी आपल्या पोराच्या बाबतींत काय करतो? परीक्षा झाली कीं दप्तर खुंटीला जातें, तें शाळा उघडेल त्या दिवशींच खालीं उतरतें. दीड महिना त्या डोक्याला ना नांगर, ना कुळव. रानाला जी अक्कल लावतां ती पोटच्या पोराला कां लावीत नाहीं?

दुसरा दाखला पाण्याचा. तुम्ही कृष्णेच्या कालव्यावर असा कीं टेंभू-ताकारी-म्हैसाळच्या पाण्यावर असा, आवर्तन म्हणजे काय हें तुम्हांला सांगावें लागत नाहीं. आवर्तन चालू असतें तोंवर ज्याची विहीर आहे त्याचा ऊस आणि ज्याची विहीर नाहीं त्याचा ऊस, दोन्ही सारखे हिरवे दिसतात. कालवा बंद झाला कीं महिन्याभरांत कोणाच्या रानांत विहीर आहे हें रस्त्यानें जाणाऱ्यालाही कळतें. शाळा हा असाच कालवा आहे. अमेरिकेंत बाल्टिमोर म्हणून शहर आहे. तेथें डोरिस एंटविसल आणि कार्ल अलेक्झांडर ह्या दोन संशोधकांनीं १९८२ सालीं पहिलींत गेलेल्या मुलांची पुढें वर्षानुवर्षें परीक्षा घेतली. एकदां शाळा सुटतांना आणि एकदां उघडतांना. शाळा चालू असे तोंवर गरिबांचीं आणि सुखवस्तूंचीं मुलें जवळजवळ सारखींच पुढें सरकत. अंतर वाढे तें उन्हाळ्याच्या सुटींत. त्यांनीं ह्याला नळाची उपमा दिली. नळ चालू असतो तोंवर सर्वांना पाणी. बंद झाला कीं ज्याच्या घरीं सांठा त्यालाच. इतर ठिकाणच्या मोजणींत हें अंतर कोठें जास्त, कोठें कमी दिसलें, हेंही सांगितलें पाहिजे. पण सुटींत विसर पडतो, आणि तो सर्वांना सारखा पडत नाहीं, हें कोणाही मास्तराला शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यांत फळ्यासमोर दिसतें.

ही घरची विहीर कशाची बांधलेली असते? आई शिकलेली, बाप पगारदार, कपाटांत गोष्टींचीं पुस्तकें, जेवतांना चार विषयांवर बोलणें, अडलें तर सांगणारा काका किंवा मामा. अशा घरांत मूल सुटींतही भिजत असतें. गलाईच्या धंद्यासाठीं देशभर पांगलेलीं खानापूर-आटपाडीकडचीं कुटुंबें उन्हाळ्यांत गांवीं येतात तेव्हां हें अंगणांत दिसतें. एकाच आज्याचीं दोन नातवंडें, एक शहरांतलें, एक गांवांतलें. झाडावर चढण्यांत, पोहण्यांत, हिशेबाच्या तोंडी चलाखींत गांवचें मूल तसूभर कमी नसतें. पुस्तक उघडलें कीं मात्र तेंच मूल मान खालीं घालतें. दोष रक्ताचा असता तर दोघांचा आजा एक कसा?

ह्या विहिरी कोणाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या होत्या आणि कोणाला पाणवठ्यावरसुद्धां येऊं दिलें नाहीं, तो इतिहास ह्या पत्राच्या वाचकांना नवा नाहीं. जोतीरावांचें घराणें मूळचें आपल्या खटाव तालुक्यांतल्या कटगुणचें. त्यांनीं १८५५ सालीं शेतकऱ्यांसाठीं आणि मजुरांसाठीं रात्रीची शाळा काढली, कारण दिवसा त्यांचे हात कामांत गुंतलेले होते. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं सरकारला सुनावलें कीं सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर उच्च शिक्षण घेतात वरच्या वर्गांचीं मुलें. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करा, आणि मास्तर असे नेमा कीं ज्यांना नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्याची लाज वाटणार नाहीं. १९०० सालच्या ७ नोव्हेंबरला भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत दाखल झाले. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. १९१९ सालीं भाऊराव पाटलांनीं कऱ्हाड तालुक्यांतल्या काले गांवीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं साताऱ्यांत बोर्डिंग थाटलें. ह्या सर्वांच्या खटपटीनें कालवा आमच्या बांधापर्यंत आला. आतां आवर्तन बंद असतांना आमच्या पोरांनीं काय करावयाचें, हा प्रश्न आमचा आहे. तो सोडविण्यास जोतीराव पुन्हां येणार नाहींत.

आणि नेमकें ह्याच जागीं दलाल येऊन बसला आहे. १८७३ सालीं सत्यशोधक समाज निघाला तो एका साध्या गोष्टीसाठीं : देव आणि माणूस ह्यांच्यामध्यें मध्यस्थ नको. त्या जुन्या मध्यस्थाचें शास्त्र काय होतें? माझ्या तोंडून गेल्याशिवाय तुझी हांक देवाला पोंचत नाहीं, ठेव दक्षिणा. आजचा क्लासवाला काय म्हणतो? माझ्या पत्र्याच्या शेडमधून गेल्याशिवाय विद्या तुझ्या पोराला पोंचत नाहीं, ठेव फी. जुना मंत्र तुम्हांला कळूं नये म्हणून संस्कृतांत होता. नवा मंत्र 'फाउंडेशन', 'क्रॅश कोर्स', 'व्हेकेशन बॅच' असा इंग्रजींत आहे. बापाला अर्थ कळत नाहीं, म्हणून तो मान डोलावतो, आणि दुधाच्या बिलाचे पैसे मोजून देतो.

येथें एक कडू गोष्ट बोललीच पाहिजे. हे नवे दलाल कोणा एका जातीचे नाहींत. त्यांत आपल्याच आडनांवांचे, आपल्याच भावकींतले, फुले-शाहू-आंबेडकरांच्या तसबिरी भिंतीला लावणारे लोक पुष्कळ आहेत. भिक्षुकशाही जानव्यांत नसते, ती मध्यस्थीच्या धंद्यांत असते. जानवें जाऊन त्या जागीं गळपट्टा आला म्हणून ती सुटत नाहीं. धंदा करणारा आपला आहे म्हणून जो गप्प बसेल, त्यानें सत्यशोधकांचें नांव तरी घेऊं नये.

बरें, सहा आठवड्यांत हे लोक शिकवितात तरी काय? पुढच्या इयत्तेचीं गणिताचीं आणि शास्त्राचीं प्रकरणें धडाधड पळवितात. मुलाच्या वहींत पानें भरतात, बापाला भरलेली वही दाखवितात, बाप खूष. पण मुलाचें मागचें किती कच्चें आहे हें कोण पाहतो? 'असर'च्या २०२४ सालच्या पाहणींत भारताच्या ग्रामीण भागांतल्या पांचवीच्या मुलांपैकीं जवळजवळ निम्म्यांना दुसरीच्या पुस्तकांतला उतारा वाचतां आला नाहीं. ज्याला भागाकार येत नाहीं त्याच्या डोक्यावर मे महिन्यांत दशांश अपूर्णांक ओतून काय उगवणार? ढेकळें न फोडतां पेरलेलें बी पांखरें खातात. त्या मुलाला अगोदर भागाकार हवा आहे. पण 'तुमच्या मुलाचा मागच्या वर्षाचा भागाकार पक्का करून देऊं' असा फलक कोणी लावीत नाहीं, कारण हाव विकतां येते, गरज विकण्यांत तितका नफा नसतो. म्हणून नीट ध्यानांत धरा : उन्हाळ्यांत पुढें जाणें म्हणजे आधीं मागचें रान साफ करणें. ज्याचें मागचें पक्कें, तो जूनमध्यें आपोआप पुढें.

ह्या धंद्याचा शाळेवर काय परिणाम होतो तोही पहा. जून उजाडतो. क्लास केलेलीं चार मुलें मास्तराचा प्रश्न संपण्याआधींच उत्तर ओरडतात. उरलेल्या वीस मुलांना वाटतें कीं आपण मंद आहों. मास्तरालाही भास होतो कीं वर्गाला समजलें, आणि तो पुढें जातो. मग त्या वीसांतल्या ज्याच्या बापाची ऐपत आहे तो क्लास लावतो, नाहीं तर पोराला पिवळ्या गाडींत बसवून तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत धाडतो. गांवच्या शाळेचा पट घटतो. वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार सरकारनें २०२३ सालीं पुढें आणला होता. असल्या विचाराची झळ कोणाला लागते? पाटण-जावळीच्या डोंगरवाड्यांना आणि माण-जतच्या वस्त्यांना. ज्यांच्यापाशीं फीही नाहीं आणि गाडीचें भाडेंही नाहीं, त्यांना. गांवची शाळा एका दिवसांत मरत नाहीं. तिच्या मुळावर पहिला घाव बसतो तो अशा उन्हाळ्यांत, आणि तो आपल्याच हातानें बसतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच.

आतां मायबहिणींकडे वळतों. फी भरून क्लास लावावयाचा झाला तर घरांतल्या कोणत्या लेकराचा लागतो? पोराचा. पोरगीचा उन्हाळा कसा जातो तें तुम्हीच सांगा. पाणी भरणें, धाकट्याला सांभाळणें, लग्नघरच्या भाकऱ्या थापणें, द्राक्षाच्या पट्ट्यांत बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसणें. तिच्या वाट्याला सुटी येतच नाहीं. शाळेंतलें काम जाऊन दुसरें काम येतें एवढेंच. सावित्रीबाई फुले आपल्या खंडाळा तालुक्यांतल्या नायगांवच्या लेक. लग्न होऊन सासरीं गेल्यावर त्या घरींच शिकल्या, पुढें शिक्षकिणीचें शिक्षण घेतलें आणि पुण्याच्या मुलींना शिकवूं लागल्या. घरच्या कामांतून काढलेल्या वेळांत एका बाईनें अक्षर गिरविलें नसतें तर महाराष्ट्राचें काय झालें असतें? म्हणून आम्ही म्हणतों, उन्हाळ्याचा वर्ग फुकट पाहिजे आणि गांवांतच पाहिजे. फुकट असेल तर मुलीला वगळण्यास बापाला सबब राहत नाहीं, आणि गांवांत असेल तर 'एकटी कशी धाडूं' हें आईलाही म्हणतां येत नाहीं.

ह्याहून अवघड गोष्ट ऊसतोड करणाऱ्यांच्या मुलांची. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर गेलेलें मूल हंगाम आटोपल्यावर परततें, तोंवर शाळेचें वर्ष सरत आलेलें असतें. हंगामी वसतिगृहें निघालीं आहेत, पण ज्या मुलांना तीं लाभत नाहींत त्यांना उन्हाळा हाच घरीं राहण्याचा आणि शिकण्याचा काळ. आमच्या साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या धुरांत ह्या मुलांचीं वर्षें जळतात. ऊस पिकविणाऱ्या बागायतदारा, तुझ्या उसाला कोयता लावणाऱ्याच्या पोराचें मागचें वर्ष भरून काढण्यास गांवानें सकाळचे दोन तास दिले तर तें दान होत नाहीं. ती फेड होते.

टीका पुष्कळ झाली. आतां काय करावयाचें तें सांगतों. १ मेपासून १४ जूनपर्यंत ४५ दिवस धरा. त्यांतून रविवार, लग्नें, गांवची जत्रा आणि मामाचा गांव ह्यांचे १५ वजा करा. उरले ३०. रोज सकाळीं ७ ते ९ असे दोन तास म्हटले तर ६० तास होतात. एवढ्यांत कोणाचा खेळ बुडत नाहीं, कोणाचें काम अडत नाहीं, आणि ऊनही चढलेलें नसतें.

पहिले दहा दिवस केवळ मागच्यासाठीं. रोज एक धडा मोठ्यानें वाचावयाचा, एक पान शुद्ध लिहावयाचें, पाढे, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. सातवीच्या मुलाला तिसरीचें येत नसेल तर न लाजतां तिसरीपासून सुरू करावें. पाया खचलेल्या घरावर माडी कोणी चढवीत नाहीं.

मधले दहा दिवस घरच्या कागदांसाठीं. दुधाच्या डेअरीची चिठ्ठी आणा. लिटर किती, फॅट किती, दर किती, बेरीज बरोबर आहे काय? विजेचें बिल आणा, पाणीपट्टीची पावती आणा, सातबारा आणा. मुलांना दोरी घेऊन रानांत न्या. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, तो १ गुंठा; असे ४० गुंठे म्हणजे १ एकर. सुताराच्या पोरानें लांकडाचे घनफूट काढून दाखवावे, गवंड्याच्या पोरानें १०० घनफुटांचा एक ब्रास कसा भरतो तें सांगावें. त्या दिवशीं वर्गाचे मास्तर तेच. ज्या कागदांवर सही करतांना बापाचा हात थरथरतो ते कागद मूल खडाखडा वाचूं लागलें, तर सावकार, व्यापारी आणि कचेरींतला कारकून तिघेही जपून बोलूं लागतील.

शेवटचे दहा दिवस नव्या पुस्तकासाठीं. सगळें पुस्तक उरकण्याची घाई नको. मराठीचे तीन धडे, गणिताचीं दोन प्रकरणें, आणि पहिल्या दिवसापासून रोज दहा इंग्रजी शब्द पाठ केले असतील तर तोंवर तीनशें शब्द. शाळा उघडेल तेव्हां सबंध वर्ग बरोबरीनें उभा असेल.

पुस्तकें कोठून आणावयाचीं? पहिली ते आठवीच्या मुलांना सरकार पुस्तकें फुकट देतें, ही चांगली गोष्ट. पण तीं मिळतात शाळेच्या पहिल्या दिवशीं. म्हणजे ज्याला विकत घेण्याची ताकद आहे त्याच्या हातांत एप्रिलमध्यें पुस्तक, आणि ज्याला नाहीं त्याच्या हातांत जूनमध्यें! हीं पुस्तकें निकालाच्याच दिवशीं द्या, अशी मागणी गांवोगांवच्या पालकांनीं ठराव करून केली पाहिजे. तोंवर आपला उपाय आपल्या हातीं आहे. निकालाच्या दिवशीं प्रत्येक मुलानें आपलें जुनें पुस्तक खालच्या वर्गांतल्या मुलाच्या हातांत द्यावें. २०२३-२४ सालापासून प्राथमिक वर्गांच्या पुस्तकांना कोरीं पानें जोडण्याचा प्रयोग झाला. लिहून भरलेलें पुस्तक दुसऱ्याला कसें द्यावयाचें? तो प्रयोग सरकारनें २०२५ सालीं मागें घेतला, तें बरें झालें. ज्या इयत्तेचें पुस्तक बदललें असेल तिचें बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतें. ग्रामपंचायतीनें तें छापून वर्गासाठीं दोन-चार प्रती ठेवाव्या.

शिकवावयाचें कोणीं? गांवांत कॉलेजांत शिकणारीं मुलेंमुली सुटीसाठीं आलेलीं असतात, डी. एड. होऊन नोकरीची वाट पाहणारे असतात. दहावी झालेले असतात. एकानें पांच मुलें घ्यावींत. आम्हां मास्तरांनीं आराखडा करून द्यावा आणि अधूनमधून येऊन पहावें. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या बालशिक्षण हक्काच्या कायद्याच्या २८ व्या कलमानें शाळेच्या शिक्षकाला खासगी शिकवणी करण्यास मनाई आहे. चांगलें कलम आहे. आमच्यांतले जे कोणी बायकोच्या किंवा मेव्हण्याच्या नांवावर शिकवण्या चालवितात त्यांनीं तें आरशासमोर उभें राहून वाचावें. पण शाळेच्या कामांत, शाळेच्या आवारांत, एक पैही न घेतां गांवच्या मुलांना हात देणें ही खासगी शिकवणी होत नाहीं. त्याच कायद्याप्रमाणें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. ती समिति केवळ सह्या करण्यासाठीं नाहीं. तिनें ठराव करावा, शाळेच्या किल्ल्या मागाव्या आणि वर्ग सुरू करावा.

पैशाचें नांव काढाल तर ऐका. जत्रेच्या वर्गणीची पावती घरटी फाटते, आणि ती न देणारा गांवांत तोंड वर करून चालूं शकत नाहीं. कर्णे लावून कान फोडणाऱ्या गाड्यांना ह्याच वर्गणींतून हजारों रुपये जातात. त्या रकमेचा दहावा हिस्सा खडू, वह्या, पुस्तकें आणि मुलांच्या मूठभर शेंगदाणे-गुळावर खर्च केला तर ग्रामदैवत कोपेल असें ज्याला वाटतें, त्यानें आपलें ग्रामदैवत नीट ओळखलेलें नाहीं.

आतां दोन-तीन आक्षेपांचा निकाल लावूं. कोणी म्हणेल, पोरांना सुटींत खेळूं द्या. अवश्य खेळूं द्या. बावीस तास त्यांचेच आहेत. मुलांना दिवसभर कोंडून ठेवण्याचें पाप क्लासवाला करतो, आम्ही नाहीं.

दुसरा म्हणेल, हें सरकारचें काम, आम्ही फुकट कां राबावें? सरकारचें काम आहेच, आणि तें मागण्याचें आम्ही सोडणार नाहीं. पण अर्ज कचेरींत पडला म्हणून कोणी नांगर थांबवितो काय? भाऊरावांनीं अनुदानाची वाट पाहिली नाहीं. मुलांना जेवूं घालण्यासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचें सोनें, शेवटीं मंगळसूत्रसुद्धां मोडलें. रयतेनें मूठमूठ धान्य दिलें, मुलांनीं स्वतः घाम गाळला, आणि त्यांतून खेड्यापाड्यांत शेकडों व्हॉलंटरी शाळा उभ्या राहिल्या. स्वावलंबन हें ह्या मातीचें ब्रीद आहे. त्यासाठीं साताऱ्याबाहेर दाखला शोधावा लागत नाहीं.

तिसरा आक्षेप मनांत ठेवतात, बोलत नाहींत. तो असा कीं सगळींच पोरें पुढें गेलीं तर माझ्या पोराचा नंबर कसा लागेल? ह्या एका विचारावर सबंध क्लासचा धंदा उभा आहे. शेजाऱ्याच्या पोराला मागें ठेवून आपलें पुढें काढण्याची ही बुद्धि कोणाकडून शिकलांत? हजारों वर्षें आपल्याला ज्यांनीं मागें ठेवलें त्यांचेंच हें तत्त्वज्ञान. आणि व्यवहारानेंही तें चुकीचें आहे. जें मूल दुसऱ्याला भागाकार समजावून सांगतें त्याचा स्वतःचा भागाकार जन्मभर पक्का होतो. टेंभूला कृष्णेंतून उचललेलें पाणी आटपाडीच्या माळावर एका उडींत गेलेलें नाहीं. एका टप्प्यानें दुसऱ्या टप्प्याला उचलून दिलें, तेव्हां तें पोंचलें. मधल्या टप्प्यानें 'मला मिळालें, पुरे' म्हटलें असतें तर आटपाडी आजही कोरडीच असती. सातवीनें पांचवीला उचलावें, पांचवीनें तिसरीला, कॉलेजांतल्यांनीं सर्वांना.

म्हणून मायबापांनो, ह्या आठवड्यांत दोन कामें करा. रंगीत कागद घेऊन कोणी दारांत आला तर त्याला हात जोडून वाटेला लावा. फी भरूं नका. आणि संध्याकाळीं शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांना पारावर बोलावून सकाळच्या वर्गाचा ठराव घ्या, मुलींचीं नांवें आधीं लिहा, ऊसतोड्यांच्या वस्तीवर स्वतः जाऊन तेथलीं मुलें आणा. मृगाला अजून अवकाश आहे. रान तापलें आहे, नांगर दारांत उभा आहे, आणि तो हांकण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

आपला,
एक खेडवळ मास्तर